टॅब बदलू का, बारके?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बारके,

इकडे ठीक आहे. तुझंही ठीकच असेल. नसतं तर मावशी मला सांगितल्यावाचून राहिली नसती. परवा ती बाजारात भेटली, तुझा पत्ता तिनेच दिला. देताना कायकाय बोलली, ते जाऊ दे. मी कामासाठी लिहितेय.

तू आता टॅब-मोबाईल दुरुस्त करणाऱ्या सेंटरमध्ये असतेस, आणि नुसत्या पावत्या फाडत नाहीस, आत बसून यंत्रं उघडतेस, असं कळलं. म्हटलं, वैद्य घरातला असताना बाहेर नाडी कशाला दाखवत फिरायचं? तर विचारायचं एवढंच आहे. मी टॅब बदलू का नको?

टॅब तोच. तू होतीस तेव्हा घेतलेला, कोपऱ्यात तडा गेलेला. काम पण तेच. लोकांच्या घरी जायचं, शिडीवर चढायचं, खिडकीचा फोटो काढायचा, फोटोवरच बोटाने मापं आणि दोन-चार शब्द लिहायचे, आणि कारखान्यात पडदे शिवणाऱ्या बायकांना पाठवून द्यायचं. शिवून आले की टांगायलाही मीच. पाच वर्षं त्या टॅबने निमूट काम केलं, आता त्याला म्हातारपण आलं. सकाळी पूर्ण चार्ज करून निघते, दुपारी जेवायच्या आत तो मान टाकतो. गेल्या आठवड्यात एका डॉक्टरीणबाईंकडे शिडीवर उभी राहून सात खिडक्या लिहिल्या आणि हा मधेच काळा पडला. चालू करून बघते तर सातातल्या तीनच उरलेल्या. दुसऱ्या दिवशी परत गेले. बाई म्हणतात, "अहो, खिडक्या कालच्याच आहेत, वाढल्या नाहीत." मला असलं ऐकून घ्यायची सवय नाही. ऐकून घेतलं.

मालकीणबाई म्हणतात, बदल. थोरल्या बाई, आमच्या शिलाईतल्या सगळ्यांत जुन्या, त्यांनी अर्धंच ऐकलं आणि मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय टॅबलेट बदलू नकोस. माझ्या नणंदेने बदलली, तर चक्कर येऊन पडली." त्यांना समजावून सांगेपर्यंत मलाच चक्कर यायची वेळ आली.

शेवटी दुकानात गेले. तिथे टाय लावलेले एक गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे, टक्कल चकचकीत. मी विचारलं, "माझ्या टॅबनंतर नवीन किती आले?"

"चार, मॅडम."

"पाच वर्षांत चार? एवढी घाई कसली लागलीय?"

"तंत्रज्ञान पुढे जातं ना."

"कुठे जातं?"

म्हणाले, हा वेगवान आहे. मी म्हटलं, मी शिडीवर उभी असते, वेग घेतला तर कपाळमोक्ष होईल. म्हणाले, हा पातळ आहे. म्हटलं, पातळ म्हणजे चांगलं, हे कापडाच्या बाबतीत तरी साफ खोटं आहे. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. म्हणाले, या नव्यावर बोटाने लिहा, हा तुमचं अक्षर वाचतो आणि तिथल्या तिथे छापील करून देतो. शिवणाऱ्या बायकांनी अक्षर लावत बसायला नको.

हे मात्र मला आवडलं. कसं वाचतो? त्याला शाळेत कोणी घातलं? माझा 'ल' आणि दुसऱ्या कोणाचा 'ल' एकसारखा नसतो, मग हा कुठला खरा धरतो? टायवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, "आतमध्ये असतं मॅडम." आतमध्ये काय असतं ते तुला माहीत असेल. तू तर आतच बसतेस.

आणि निघताना हळूच म्हणाले, जुना देऊन नवा घ्यायचा असेल तर महिनाभरात घ्या, पण खरं सांगू का, उन्हाळ्यानंतर याच्यापेक्षा चांगला येतोय. आता सांग. हा घेतला तर उन्हाळ्यानंतर हळहळायचं, आणि तो येईपर्यंत थांबले तर त्याच्या मागचा येणार असेल. लग्नाला मुलगी बघताना लोक असे थांबले असते तर जगात कोणाचं लग्न झालं नसतं.

तेव्हा विचार करून कळव. नाही कळवलंस तर टायवाल्यांचं ऐकेन, आणि फसले तर पाप तुझ्या माथी.

ताई


बुधवार, १९ फेब्रुवारी

बारके,

पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीस. "आपल्या दिनांक ४ च्या पत्रास अनुसरून." वरती सेंटरचं चित्र, खाली शिक्का. मला 'आपण' म्हणतेस? तुझं नाक मी माझ्या बाहीला पुसलंय. ज्या बाईच्या बाहीला नाक पुसलं तिला 'आपण' म्हणत नाहीत, कुठल्याच सेंटरमध्ये नाही.

बरं. पाच प्रश्न विचारलेस, पाचही उत्तरं घे.

मॉडेलचा नंबर पाठीमागे असतो म्हणालीस. आहे. मुंगीच्या पायाएवढा. मावशीच्या मोबाईलने त्याचा फोटो काढला, मोठा केला आणि या कागदाच्या मागे आकडे बघून बघून उतरवलेत. एकदा चार्ज केला की किती तास चालतो? घड्याळ लावून बसले. तीन तास वीस मिनिटं, त्यातही चाळीस टक्के दाखवत असताना एकदम जातो. खोटारडा आहे. पाठ फुगली आहे का, हा तुझा तिसरा प्रश्न. बघून काही कळेना. मग मी कापायच्या टेबलावर त्याला उताणा ठेवला आणि बोटाने ढकलला, तर भोवऱ्यासारखा गरगर फिरला! कारखान्यात सगळ्या बायका काम टाकून बघायला आल्या. मालकीणबाईंनी स्वतःचा फिरवून बघितला, तो नाही फिरला. म्हणजे माझ्याचं पोट आलंय, बरोबर? कशाने येतं? वारा धरतो का?

चौथा प्रश्न तू भलता विचारलास. "नवीन यंत्राअभावी आपल्या कामात नेमके काय अडते?" दोन दिवस तो प्रश्न डोक्यात घेऊन फिरले. टायवाले सांगतात काय काय मिळेल. मालकीणबाई सांगतात बाकीच्यांकडे काय आहे. अडतं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मरगळलेली बॅटरी सोडली तर काही अडत नाही. फोटो येतो, बोट उमटतं, पोचतं. पण ते वाचणारं यंत्र डोक्यातून जात नाहीये. त्याची गरज नाही, पण ते करतं कसं, हे बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझं असंच आहे, तुला माहीत आहे. आईच्या शिलाई मशीनचं पोट मी दोनदा उघडलं होतं आणि दोनदा मार खाल्ला होता.

आणि पाचवा. "पत्र आपण स्वतः लिहिले आहे की कोणाकडून लिहून घेतले आहे?" याचा टॅबशी काय संबंध? मीच लिहिलंय. चौथी झालेय, अंगठेबहाद्दर नाही. अक्षर गचाळ आहे ते माझंच आहे. लिहून द्यायला घरात आहे कोण आता?

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललं.

मावशी काय बोलली ते सांगते, कारण माझ्या पोटात राहत नाही. ती म्हणाली, "पत्ता देते, पण मी दिला म्हणू नकोस. ती म्हणते, जिने मला मरायला सांगितलं तिला माझा पत्ता कशाला?" मी तिथेच बाजारात मावशीवर ओरडले. मी? तुला? मी तोंडाने फाटकी आहे हे कबूल. शिडीला, मशीनला, दार न उघडणाऱ्या वॉचमनला मी दिवसातून दहा वेळा मर म्हणते. तुला कधी म्हटलं नाही. आठवून आठवून बघितलं. त्या दिवशीही नाही.

त्या दिवशी काय झालं ते मला पाठ आहे. मी चार दिवस परगावी होते, त्या मोठ्या सभागृहाचे पडदे लावायला. तू फॉर्मचा फोटो पाठवलास. दुरुस्तीच्या शिक्षणाचा फॉर्म, राहणं-जेवण तिथेच, दोन वर्षं. खाली लिहिलंस, "आज शेवटची तारीख आहे ताई, काय करू?" मी उत्तर दिलं. तू गेलीस. मी परत आले तर तुझा कपाटातला खण रिकामा, किल्ली शेजारच्यांकडे, चिठ्ठी नाही. दोन दिवस थांबली असतीस तर मी पोचवायला आले असते. मी म्हटलं, पाखराला पंख फुटले, आता कोण कोणाला विचारतंय? म्हणून मीही फोन केला नाही. तीन वर्षं झाली. मग यात मी मरायला कधी सांगितलं ते मला कळव. प्रश्नांची उत्तरं तूच मागायचीस असं नाही.

तुझी (आपली नव्हे)
ताई


मंगळवार, ११ मार्च

बारके,

आधी टॅबचं लिहिते, मग बाकीचं. बाकीचं आधी घेतलं तर टॅबचं राहून जाईल.

तुझी दुसरी नोटीस मिळाली. बॅटरी फुगली आहे, वापर ताबडतोब थांबवा, चार्जला लावू नका, बॅटरी बदलून मिळेल, बदलल्यास यंत्र आणखी दोन-तीन वर्षे चालेल. त्याच दिवशी थांबवला. सध्या कागदावर मापं घेतेय, मालकीणबाई फुरंगटल्यात, फुरंगटू देत. आणि शेवटी तुझी ती सूचना. "नवीन घेण्याचा विचार असल्यास दुकानातील यंत्रावर आपल्या कामातील पुढील शब्द स्वतःच्या बोटाने लिहून पाहावेत. खिडकी. पडदा. धागा. भिंत. वजन भर."

मला वाटलं, वा, बारकीला आमचं काम अजून आठवतंय. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत वजन भरतो, ते सुद्धा. खूश होऊन गेले दुकानात.

टायवाल्यांनी नवा पुढे केला. मी लिहिलं 'खिडकी'. त्याने छापील 'खिडकी' दाखवलं. अंगावर काटा आला बघ! 'पडदा' लिहिलं, 'पडदा' आलं. मग 'धागा' लिहिलं. त्याने लिहिलं 'घागा'. मी म्हटलं, घागा म्हणजे काय? टायवाले म्हणाले, "जरा सावकाश लिहा मॅडम." सावकाश लिहिलं. घागा. 'भिंत' लिहिलं, तर 'मिंत'. 'वजन भर' लिहिलं, तर म्हणतो, 'वजन मर'.

टायवाले हसायला लागले. "वजन मेलं तर बरंच की मॅडम, डॉक्टर तेच सांगतात." मी पण हसले. म्हटलं, तुमचं पोर नापास आहे. ते म्हणाले, "नाही हो, हा बघा," आणि स्वतः लिहिलं 'भर'. छापील आलं 'भर'. मी म्हटलं, परत लिहा, हळू लिहा. मला बघायचं होतं कुठे फरक पडतो. त्यांनी 'भ' काढला, डावीकडे वर वळवून सुटा ठेवला, आणि वरची रेघ अर्धीच मारली. डाव्या अंगाला मोडकी. माझी रेघ बघितली, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

मी आधी रेघ मारते, बारके. आयुष्यभर खडूने कापडावर आधी रेघ, मग बाकीचं. कापताना तसं, लिहिताना पण तसंच. आधी दांडा ठोकायचा, मग त्याला अक्षरं टांगायची, पडद्यांसारखी. शाळेत असताना बहुतेक नीट काढत असेन. पण खडू हातात आला आणि दांडा सरळ झाला. सरळ दांड्याखाली भ चा म होतो आणि ध चा घ होतो. एवढं साधं. टायवाले म्हणाले, उन्हाळ्यानंतर येतोय त्याला वाईट अक्षरसुद्धा कळणार आहे. मी म्हटलं, म्हणजे अक्षर वाईटच राहू द्यायचं?

कारखान्यात येऊन हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. कोणी हसेना. थोरल्या बाई दोरा ओवत म्हणाल्या, "तुझा भ तसाच असतो गं. आम्ही म दिसला की भ करून वाचतो. पहिल्या वर्षी नव्या आलेल्या बाईने 'मिंतीपासून' म्हणजे काय विचारलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आम्हाला सोडलं असतंस का?"

बाकीच्या मान खाली घालून शिवत राहिल्या. सोळा वर्षं या बायका माझ्या तोंडाला घाबरून माझी चूक मनात दुरुस्त करून घेत होत्या. मी आपली ऐटीत.

आणि मग मला मावशीचं वाक्य ऐकू आलं. तिथेच, कात्री हातात असताना.

टॅब चालू केला. रागावू नकोस, चार्जला लावला नाही, पाचच मिनिटं. वापर थांबवला तेव्हाची थोडी धुगधुगी होती त्याच्यात. खिडक्या, खिडक्या, तीन वर्षांच्या खिडक्या मागे सारत गेले, आणि सापडला. तुझ्या फॉर्मचा फोटो. तुझं नाव तू किती सुंदर अक्षरात लिहिलं होतंस गं. आणि त्याच्यावर आडवं, लाल, माझ्या बोटाएवढं जाड, दोन शब्द. वर दांडा, एकदम सरळ.

मी तो थोरल्या बाईंसमोर धरला. म्हटलं, दुरुस्त न करता वाचा. जे दिसतं ते वाचा.

त्यांनी चष्मा लावला. "जा मर," म्हणाल्या. "अगंबाई, हे कोणाला लिहिलंस?"

मी लिहिलं होतं, जा भर. जा, फॉर्म भर.

तुला मी आयुष्यात लिहून पाठवलेलं पहिलंच होतं ते. त्याआधी एका घरात राहत होतो, लिहायची वेळच कुठे आली होती? माझा भ कसा असतो हे कारखान्यातल्या बायकांना माहीत होतं, तुला कुठून असणार? आदल्या आठवड्यात आपण भांडलो होतो, मी तुला स्वार्थी म्हटलं होतं. त्याच्यावर हे आलं. तू खरं मानलंस. मी असते तर मीही मानलं असतं.

आणि तुला कळलं होतं, हो ना? माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हाच. मावशी बाजारात मेटली, असं वाचलं असशील. म्हणून तर विचारलंस पत्र स्वतः लिहिलं का. आणि म्हणून ते शब्द. मला वाटत होतं तू यंत्राची परीक्षा घेतेयस. तोंडाने सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, काहीतरी बोलू नकोस, माझा भ चांगला आहे. तू ओळखलंस की मला स्वतः उघडून बघितल्याशिवाय पटत नाही. फुगलेल्या बॅटरीपर्यंत बोट धरून नेलंस, तसंच या भ पर्यंतही नेलंस. हुशार झालीस. 'आपण' म्हणून का होईना.

आता बाकीचं.

रेघेवर सगळं ढकलून मी सुटू शकते. थोरल्या बाई तेच म्हणाल्या, अक्षराचा घोळ, तुझा काय दोष? चार दिवस मीही तसंच म्हणत होते. पण बारके, मी फोन करू शकत होते. त्या सभागृहात मी शिडीवर होते हे खरं, पण शिडीवरून उतरता येतं. तू विचारलं होतंस, काय करू. हे काही खिडकीचं माप नव्हतं. फोन केला असता तर तुला माझा आवाज ऐकू आला असता, आणि त्या आवाजात 'नको जाऊस' होतं. ते तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी लिहिलं. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तेव्हापासून घरात दोन ताटं होती. मला एक ताट मांडायची भीती वाटत होती, आणि ती कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून मी तुला दोन शब्दांत उरकलं. भ नीट निघाला असता तरी ते उरकणंच होतं. 'शाब्बास' लिहिता आलं असतं. 'भर बाळा, मी येते तुला पोचवायला' लिहिता आलं असतं. नाही लिहिलं.

आणि मग तीन वर्षं रुसून बसले. तू चिठ्ठी ठेवली नाहीस म्हणून. ज्या पोरीला मी जा मर लिहून पाठवलं तिने मला चिठ्ठी ठेवावी, ही माझी अपेक्षा! वाचून हसू येतं का? मला आधी आलं, नंतर नाही.

टॅबचं ठरलं. नवा घेत नाही. टायवाल्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांचा मी पुरेपूर उपयोग करून घेतलाय. रोज संध्याकाळी घरी जाताना दुकानात शिरते आणि त्या नव्यावर भ काढते. मास्तर फुकट मिळालाय. तोंडावर चूक दाखवतो, माझ्या तोंडाला घाबरत नाही. पहिले सहा दिवस मर, मर, मर. परवा एकदा 'झर' म्हणाला, म्हणजे प्रगती. काल त्याने पहिल्यांदा 'भर' वाचलं. टायवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "मग घेताय ना मॅडम?" मी म्हटलं, "आता कशाला? आता मला येतंय की." उन्हाळ्यानंतरचा येऊ दे, पावसाळ्यानंतरचा येऊ दे. बघायला मी जाणारच, त्यांच्या आत काय असतं ते मला अजून कळलेलं नाही. पण हा जुना मला हवाय. बॅटरी तेवढी बदलायची.

ती टपालाने पाठवता येत नाही असं टपालवाल्या बाई म्हणाल्या, फुगलेली असली तर धोका असतो. म्हणजे आणून द्यायला हवी. शनिवारी २२ तारखेला मला काम नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले तर दुपारी पोचेन. सेंटरमध्ये रांग असेल तर रांगेत उभी राहीन, नंबर आला की काउंटरवर टॅब ठेवीन, तू ग्राहक समजून बोललीस तरी चालेल. दुरुस्त करून परत दिलास की तशीच निघून जाईन, असंही चालेल. तुला हवं ते.

पण न विचारता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी तू मला विचारलं होतंस काय करू. आता मी तुला विचारतेय.

लांब लिहू नकोस. छापील नको, शिक्का नको. 'ये' एवढंच लिही. एकच अक्षर आहे. वरची रेघ सरळ मारलीस काय, मोडकी मारलीस काय, त्याचं दुसरं काही होत नाही.

तुझ्या उत्तराआधी बॅग न भरणारी
तुझी ताई